एक तिकीट बायांतलं, एक माणसांतलं

समस्त जुना जालना, नवा जालना आणि कामानिमित्त येथे येणारे-जाणारे यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गावात सध्या लागलेला तो प्रेमाचा रडका पिक्चर चांगला की वाईट, याचा निकाल कचरूनानांनी अद्याप दिलेला नाही. सबब तोपर्यंत कोणीही तो आवडल्याचे अथवा न आवडल्याचे चौकात बोलू नये. बोलल्यास पुढे होणाऱ्या फजितीला ही गल्ली जबाबदार राहणार नाही.

अशी नोटीस खरोखर कुठे लागली नव्हती. पण गेल्या दिवाळीनंतर आमच्या गल्लीची हवा अगदी अशीच होती.

कचरूनाना म्हणजे माझ्या भांड्यांच्या दुकानासमोरचे कापडवाले. मूळचे राजूरकडचे शेतकरी. वडिलांनी जालन्यात गाळा घेतला तेव्हापासून इथलेच. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईने यांचं नाव कचरू ठेवलं. कचऱ्याला कोण नेतं? योगायोग असा की बायकोच्या माहेरीही तीच तऱ्हा, म्हणून त्यांचं नाव कडूबाई. कचरू आणि कडू, दोघंही ठणठणीत राहिले. आम्ही त्यांना गमतीने म्हणायचो, नाना, तुमच्या घरात यमाला घ्यावंसं वाटेल असं काहीच नाही.

तर हे नाना सिनेमाचे परीक्षक. कुणी नेमलं, विचारू नका. नवा पिक्चर लागला, त्यातही तो प्रेमाचा, विरहाचा, खोकणाऱ्या नायिकेचा असला, की नाना कडूबाईंना घेऊन पहिल्या आठवड्यातच जाणार. ढिशुमढिशुमचा असला तर फुकट तिकीट दिलं तरी जाणार नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना आम्ही चार माणसं पायरीवर हजर. नाना अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायचे, जसं काही तो पिक्चरच कापडासारखा चिमटीत धरलाय, आणि म्हणायचे, “खळ लई मारलीय. सूत न्हाई.” किंवा, “पह्यल्या धुण्यातच आटल.” की झाला निकाल. गेल्या काही वर्षांत त्यांनी एकही पिक्चर पास केला नव्हता. ज्यावर अख्खा महाराष्ट्र नाक पुसत बाहेर आला, तोही नाही.

आणि पिक्चर पाहण्याची रीत तर विचारूच नका. त्यांच्या तरुणपणी टॉकीजमध्ये बायांची बसायची बाजू वेगळी असे, मध्ये लाकडी कठडा. ती टॉकीज गेली, तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. नवीन थेटरात गादीच्या खुर्च्या आणि दात वाजतील एवढा एसी. पण नाना अजूनही तिकिटाच्या खिडकीशी वाकून सांगतात, “एक बायांतलं द्या, एक माणसांतलं.” खिडकीतल्या मुलीने एकदा फार प्रेमाने विचारलं, काका, कपल सीट देऊ का? नाना कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, “जोडीनं बसाया आम्ही काय सत्यनारायणाला आलोत?”

शेवटी त्या मुलीनेच तोड काढली. कडूबाईंना एका रांगेत आणि नानांना त्यांच्या पुढच्या रांगेत, दोन खुर्च्या सोडून. नानांना ते फार पसंत पडलं. का पसंत पडलं, हे मला फार उशिरा कळलं.

आता त्या पिक्चरकडे येऊ. गोष्ट साधीच. डोंगरातलं गाव, एक मुलगा, एक मुलगी, दोन्ही घरं राजी, लग्न ठरलेलं, आणि मग मुलीला तो सिनेमातला आजार, ज्यात माणूस दिवसेंदिवस अधिकच सुंदर दिसत जातं. पेपरवाल्यांनी त्याची पार चिंधी केली. पाचात दीड तारा. एकाने तर लिहिलं, हा अश्रूंचा ठोक व्यापार आहे. आता ‘ठोक व्यापार’ हा शब्द कुणी जुन्या जालन्यात शिवी म्हणून वापरला, तर लोक चिडणारच. आमची पोटं त्याच्यावरच भरतात. धान्याच्या अडतीपासून कापडाच्या गाळ्यापर्यंत सगळी बाजारपेठ एका दिवसात त्या पिक्चरच्या बाजूने उभी राहिली.

बायकांचा पाठिंबा तर आधीपासूनच होता. माझी बायको मैत्रिणींबरोबर पाहून आली ती डोळे सुजवून. त्या संध्याकाळी तिने मला जेवायला वाढताना इतक्या मायेने पाहिलं की मला धास्तीच वाटली, माझा काही रिपोर्ट आलाय की काय. कॉलेजची पोरं थेटरात स्वतःचे रडतानाचे व्हिडिओ काढत होती. एकटे आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी पेपरवाल्यांच्या बाजूने. त्यांचं म्हणणं, माणूस आपोआप रडला तर ती कला, आणि चिमटे काढून रडवला तर ती लबाडी. यावर चहावाल्याने विचारलं की गुरुजी, कांद्याने पाणी आलं तर ते खोटं का? गुरुजींनी त्या दिवशी चहा अर्धाच सोडला.

सगळे नानांच्या तोंडाकडे पाहत होते, आणि नाना तो पिक्चर पाहायला जातच नव्हते. एक आठवडा गेला. दुसरा सुरू झाला. पिक्चर उतरायच्या बेताला आला. शेवटी मीच रस्ता ओलांडून दुकानात गेलो. नाना साडीची घडी घालत होते. मी वकिली सुरू केली. म्हटलं, नाना, पेपरवाल्यांना काळीज नाही, गाव रडून रडून थकलं, आता तुम्ही एकदा बघा आणि पास करून टाका.

नानांनी घडी पुरी केली, फळीवर ठेवली. मग म्हणाले, “गाव रडलं हो. गावाचं काय घेऊन बसलात? ही रडत न्हाई.”

मला आधी समजलंच नाही. मग हळूहळू समजलं.

त्यांना एकच मुलगी. सुवर्णा. स्वतःची नावं कचरू आणि कडू, पण लेकीचं नाव दोघांनी हौसेने सोन्याचं ठेवलं. काही वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. जिल्ह्यातल्या कितीतरी लग्नांचा बस्ता, म्हणजे सगळी कापडखरेदी, नानांच्या गाळ्यावर व्हायची. आपल्या लेकीचा बस्ता फाडायचा दिवसही त्यांनी काढून ठेवला होता. त्याच्या आधी तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. हे सगळं मला ठाऊक होतं, मी खांद्यालाही होतो. बायांनी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. कडूबाई तेवढ्या आलेल्यांना पाणी देत होत्या, सतरंज्या अंथरत होत्या. लोक म्हणाले, बाई धीराची आहे.

नाना म्हणाले, “तवापासून एक टिपूस न्हाई. राजूरची माझी मावशी म्हणाली, कचरू, हिला कसंबी करून रडव, न्हाई तं ही आतल्या आत सुकून जाईल. आता रडव म्हणजे काय करू? मारू का? पोरीचं नाव काढलं की उठून भांडे घासाया जाती. मंग म्हणलं पिच्चर दाखवू. रडका पिच्चर दिसला की घेऊन जातो. गुरुजी म्हणतेत चिमटे काढून रडवत्यात. काढा ना बाबा. मी तं त्याच्यासाठीच तिकीट काढून राह्यलो.”

मी विचारलं, मग हा का नाही दाखवला? तर कडूबाईंनीच बजावलं होतं. म्हणाल्या, हे थेटर-बिटर पुरे झालं, माझी मान दुखती. हा एक पाहते, ह्याच्यानंतर मला कुठं नेऊ नका. एकच पत्ता उरला होता हातात, म्हणून नाना तो टाकायला घाबरत होते. हाही वाया गेला तर पुढे काय करायचं, ते त्यांना माहीत नव्हतं.

“उद्या शेवटचा दिवस हाय,” ते म्हणाले. “दुपारच्या शोला तुम्हीबी चला. वहिनींला घ्या. बाजूला बाई रडत असली तं कदाचित...” आणि त्यांनी दुसरी साडी घडी घालायला ओढली. ती आधीच घडी घातलेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एका ऑटोत बसून गेलो. मागच्या रांगेत कडूबाई आणि माझी बायको, त्यांच्या अगदी पुढे नाना आणि मी. दिवे गेले, पिक्चर सुरू झाला आणि नाना खुर्चीत अर्धे वळले. एक हात खुर्चीच्या पाठीवर, हनुवटी हातावर, नजर मागे. पडद्यावर डोंगर हिरवे झाले, मुलाने मुलीला छत्री दिली, गाणं झालं. नानांनी त्यातलं काहीही पाहिलं नाही. मागच्या एका पोराने आवाज दिला, “ओ काका, पिच्चर तिकडंय.” नाना म्हणाले, “ऱ्हाऊ दे, तू पाह्य.” आणि मला त्यांची सगळी परीक्षणं आठवली. एवढे पिक्चर नापास करणाऱ्या या माणसाने त्यातला एकही पाहिला नव्हता.

इंटरवलला माझ्या बायकोचे दोन रुमाल भिजले होते. कडूबाईंनी तिला पिशवीतलं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की असं मनाला लावून घेऊ नये, खोटं असतं सगळं. नाना पॉपकॉर्नचा पुडा धरून उभे होते. त्यातला एक दाणाही त्यांनी खाल्ला नाही. मी उगाच धीर दिला, खरा रडका भाग पुढेच आहे म्हणून. ते म्हणाले, “तसं तं सगळेच म्हणतेत.”

उत्तरार्धात पिक्चरने खरोखरच काही शिल्लक ठेवलं नाही. पेपरवाल्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं. व्हायोलिन थांबेना, मुलाने पत्रं वाचली, देवळात घंटा आपोआप वाजली. लोक मुसमुसत होते. मी चोरून मागे पाहिलं. कडूबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, बँकेत नंबर यायची वाट पाहावी तशा.

मग तो प्रसंग आला. मुलीला उपचारासाठी मोठ्या शहरात न्यायचं असतं. गावातला एसटीचा थांबा. मुलगी पायरी चढते आणि खिडकीशी बसते. इथे एकदाची ती व्हायोलिनं गप्प झाली होती. तिची आई थांब्यावर पिशवी घेऊन उभी असते, पिशवी द्यायची राहून जाते, गाडी सुटते. बस एवढंच. मुलगी मागे वळूनही पाहत नाही.

थेटरात कुणी नाकसुद्धा ओढलं नाही. माझ्या बाजूला नाना तसेच वळलेले, पडद्याचा उजेड त्यांच्या पाठीवर. मागे बांगड्या वाजल्या. कुणीतरी पुढे वाकून नानांचा खांदा गच्च धरला, आणि भरल्या थेटरात कडूबाईंचा फुटलेला आवाज आला, “अहो, माझ्याकडं काय पाहून राह्यलात? तिकडं पाहा ना, पोरगी चालली आपली.”