आजोबांच्या पेट्रोलचं विरजण

एका जंगलात एक मोटार होती.

हसू नका, मुलांनो. ज्या जंगलात निवडणुका होतात, सत्कार होतात आणि कोल्हा व्याख्यानं देत फिरतो, त्या जंगलात एक मोटार असली तर काय बिघडलं?

ही मोटार एका शिकाऱ्याची होती. तो मोटारीतून आला आणि पळत गेला. त्याचं पुढे काय झालं ते विचारू नका, ते आपल्या गोष्टीत नाही. मोटार मात्र मागे राहिली. काळीभोर, गोल दिव्यांची, बाहेर पितळी भोंगा असलेली. झिपरे घराण्यातल्या थोरल्या अस्वलाने ती ढकलत घरी नेली. मग नदीपलीकडून डबाभर पेट्रोल आणून स्वतःच्या पंजाने टाकीत ओतलं. मोटार सुरू झाली. जंगलात ज्यांना हात होते त्यांनी टाळ्या वाजवल्या.

थोरलं अस्वल यथावकाश वारलं आणि मोटार नातवाकडे आली. नातवाचं नाव अस्वलराव झिपरे. अस्वलराव तसे भले. रोज सकाळी मोटार पुसायचे, कुणाशी वाकड्यात जायचे नाहीत. फक्त एक नियम त्यांनी घालून घेतला होता. टाकी कधी रिकामी होऊ द्यायची नाही. तळाशी थोडं उरलं की वरून नवं भरायचं. कारण तळाशी आजोबांचं पेट्रोल होतं.

तुमच्या घरी दही कसं लावतात ते पाहिलंय ना? कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधात, आजच्याचं उद्याच्या दुधात. म्हणजे तुमच्या वाटीत थेंबभर का होईना, पणजीच्या हातचं दही असतं. अस्वलरावांनी पेट्रोलचं तेच केलं. पाहुणा आला की ते टाकीवर थाप मारून सांगायचे, "यात आजोबांचं पेट्रोल आहे. अजून!" पाहुण्याने टाकीला नमस्कार केला की मग आतून चहा यायचा.

आता पेट्रोल म्हणजे काही दूध नव्हे, आणि लोखंडी टाकी म्हणजे काही दह्याचं भांडं नव्हे. टाकीच्या तळाला ओल धरली. ओलीने गंज धरला. गंजाचे पापुद्रे सुटले आणि त्यांचा गाळ झाला. सपाटीवर हा गाळ गप्प पडून राहायचा. दसऱ्याला मोटार झेंडूच्या माळा घालून तळ्याभोवती फेरी मारायची, तेव्हा कुणाला काही कळायचं नाही. पण चढ लागला की गाळ मागे घसरायचा आणि पेट्रोलच्या नळीच्या तोंडाशी जाऊन बसायचा. मग मोटार दोन आचके द्यायची आणि बंद.

आणि त्या जंगलात चढ एकच होता. मोहाबाईंच्या माहेरचा घाट.

मोहाबाई म्हणजे अस्वलरावांची बायको. लग्नात अस्वलरावांनी भर मांडवात सांगितलं होतं, "आमची बायको माहेरी जाईल ती मोटारीतूनच." मोहाबाईंच्या आईने डोळे पुसले. तिला वाटलं, जावयाने वचन दिलं. ते वचन नव्हतं, तो नियम होता.

दरवर्षी मोहाची फुलं पडायला लागली की मोहाबाई गुळाच्या दशम्या करत, पळसाच्या पानात बांधत आणि मोटारीत बसत. दरवर्षी वडाच्या वळणावर मोटार बंद पडे. त्या वळणावरून आईच्या दारातलं मोहाचं झाड दिसायचं. अस्वलराव उतरून बॉनेट उघडत, आत बघत, बॉनेट बंद करत, दगडावर बसत आणि म्हणत, "आण त्या दशम्या." दोघं दशम्या खात. मग मोटार उतारावरून उलटी घरंगळत थेट घरी येई. परतीच्या प्रवासात तिने कधी त्रास दिला नाही.

"मी चालत जाऊ का?" मोहाबाईंनी एकदा विचारलं होतं.

"घरात मोटार असताना? झिपऱ्यांची सून पायी? लोक काय म्हणतील?"

मोहाबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

त्या वर्षी मात्र घाटापलीकडून साळुंकी वेगळाच निरोप घेऊन आली. "तुमच्या आईला दिसेनासं होत चाललंय. म्हणाली, चेहरा ओळखू येतोय तोवर एकदा येऊन जा."

मोहाबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं आणि त्या नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, या खेपेला मोटार घाट चढलीच पाहिजे."

अस्वलरावांनी लगेच ठोके मिस्त्रीला बोलावलं. ठोके म्हणजे सुतारपक्षी. लाकडात आता काही राम राहिला नाही, असं म्हणून तो मोटारींकडे वळला होता. पद्धत मात्र जुनीच. जिथे शंका आली तिथे चोच मारायची. त्याने कार्बोरेटर उघडला. आतून लाल भुकटी पडली.

"मालक, हा टाकीतला गंज. टाकी..."

अस्वलरावांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"...टाकी उत्तम आहे," ठोके म्हणाला. "हवापालटाने होतं असं."

एवढ्यात कोल्हे सर आले. ते वारसा जतन मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांची निवड एकमताने झाली होती. त्यांनी भुकटी चिमटीत धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "गंज? अरे, ही घराण्याची माती आहे!" आणि कपाळाला लावली. बघता बघता हरणं आली, ससे आले, माकडं आली. संध्याकाळपर्यंत सगळं जंगल लाल कपाळाने हिंडत होतं. मोटार होती तिथेच होती.

"अहो," मोहाबाई हळूच म्हणाल्या, "आपलं विरजण आंबलं की मी शेजारून नवं मागून आणते. त्यात काय एवढं?"

"दही वेगळं, आजोबा वेगळे," अस्वलराव म्हणाले.

कोल्हे सरांनी बराच विचार केला. मग ते घसा खाकरून म्हणाले, "मोटार तळ्याभोवती झकास चालते. बंद पडते ती कधी? वहिनीसाहेब बसल्यावर. आता यावर मी अधिक बोलणं बरं नव्हे."

त्यांना अधिक बोलावं लागलंच नाही. सगळी लाल कपाळं मोहाबाईंकडे वळली. हरिणी आपसात कुजबुजल्या. अस्वलरावांनी मान खाली घातली, पण "नाही" म्हणाले नाहीत.

मुलांनो, इथे मला राग येतो. गोष्ट सांगणाऱ्याने रागवायचं नसतं, तरी येतो. तुम्ही शांत बसा, मी पाणी पितो.

हं. तर त्या शांततेत ठोके मिस्त्रीला फार अवघडल्यासारखं झालं. अवघडलं की तो सवयीने चोच मारायचा. त्याने समोरच्या टाकीवर चोच मारली. टाकीला भोक पडलं आणि आजोबा टपटप गळू लागले.

एकच हलकल्लोळ झाला. ठोकेने धावत जाऊन साबणाची वडी आणली आणि भोकात घासून बसवली. गळती थांबली. मग शेजारी दुसरं भोक पडलं. मग तिसरं. खाली वाट्या मांडल्या गेल्या. वाटी भरली की ती पुन्हा टाकीत ओतायची, ती पुन्हा खालून वाटीत यायची. कोल्हे सर म्हणाले, यालाच परंपरेचं सातत्य म्हणतात. शेवटी साबण संपला आणि तळाची चाळण उरली.

अस्वलराव टाकीला मिठी मारून रडले. खरंच रडले, ते नाटक नव्हतं. अंगावरचे केस गंजाने लाल होईस्तोवर रडले आणि मग म्हणाले, "बदला टाकी."

नदीपलीकडून नवी टाकी आली. आतून बाहेरून लख्ख. मोहाबाईंनी तिच्यात डोकावून आपलं तोंड पाहिलं. केस थोडे पांढरे झाले होते, पण आई ओळखेल, एवढं नक्की. किती वर्षांनी त्या हसल्या. घरात जाऊन त्यांनी पीठ मळायला घेतलं.

टाकीपालटाचा समारंभ थाटात झाला. जुनी टाकी ओट्यावर ठेवून तिला हार घातला. नवी टाकी मोटारीला बसवली. नवं पेट्रोल भरलं. आता भोंगा वाजवायचा आणि निघायचं, तर कोल्हे सरांनी पंजा वर केला.

"थांबा! विरजण?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बरोबर होतं. विरजणाशिवाय कसं चालेल? मग जुनी टाकी हारासकट उचलून आणली आणि तिच्या कोपऱ्यात राहिलेलं सगळं एका पातेल्यात काढलं. चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी घट्ट, लालसर निघालं.

मोहाबाई दशम्यांचं गाठोडं घेऊन उभ्या होत्या. "निदान गाळून तरी घ्या," त्या म्हणाल्या.

"गाळून?" अस्वलराव दचकले. "गाळल्यावर आजोबा किती उरतील?"

पातेलं नव्या टाकीत ओतलं. टाळ्या झाल्या. कोल्हे सरांनी परंपरा आणि प्रगती यांच्या संगमावर भाषण केलं, तेही ओतल्यासारखंच झालं. मग मोटार निघाली.

काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला कळतं. घाट लागला. विरजण मागे घसरलं. वडाचं वळण आलं. मोटारीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

अस्वलराव उतरले. बॉनेट उघडलं. आत पाहिलं. बॉनेट बंद केलं. दगडावर बसले आणि त्यांनी हात पुढे केला.

"आण त्या दशम्या."

मोहाबाईंनी समोर पाहिलं. आईच्या दारातलं मोहाचं झाड दिसत होतं. त्यांनी मोटारीचं दार उघडलं, गाठोडं काखेत मारलं आणि चालायला लागल्या.

"अगं! लोक काय म्हणतील?"

"इथे लोक कुठे आहेत?" मोहाबाई न थांबता म्हणाल्या. "तुम्ही आणि मी, दोघंच आहोत."

अस्वलरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग मोटारीत बसले. मोटार उलटी घरंगळत थेट घरी आली. कोल्हे सरांनी लगेच निष्कर्ष काढला, की वजन अचानक कमी झाल्यामुळे मोटारीचा तोल गेला.

इकडे मोहाबाई आईच्या दारात पोचल्या. आई झाडाखाली बसून फुलं चाचपडून वेचत होती. पावलं ऐकून तिने मान वर केली. मोहाबाई तिच्यापुढे खाली बसल्या. आईने दोन्ही पंजांत लेकीचं तोंड धरलं, अगदी नाकाला नाक लागेल इतकं जवळ ओढलं आणि बराच वेळ पाहिलं.

"दिसतेयस," ती म्हणाली. "मोटारीचा आवाज नाही आला तो?"

"मोटार वळणावरच राहिली. तिथून चालत आले."

"खूप लांब पडलं असेल गं."

मोहाबाईंनी गाठोडं सोडून एक दशमी आईच्या पंजात ठेवली. आई चमकली. दशमी अजून गरम होती.

तिने ती दोन्ही पंजांत धरून पुन्हा चाचपून पाहिली. मग तिने विचारलं, "मग इतकी वर्षं काय करत होतीस गं?"

"मोटारीत बसले होते, आई."

तात्पर्य: जुनी टाकी गंजली तर ती खुशाल बदलावी, मुलांनो. फक्त तिच्यातला गंज नव्या टाकीत ओतायला विसरू नये. त्याने मोटार घाट चढत नाही हे खरं. पण घाट चढणाऱ्या मोटारी काय, कुणाकडेही असतात. आजोबांमुळे बंद पडणारी मोटार नशीबवानालाच मिळते. आणि हो, दशम्या वळणावरच खाऊन टाकाव्यात. त्या गरम राहिल्या, तर घरच्यांना अंतर कळतं.