सगळ्या स्टेशनांची मेल उतरवून घेणारे पार्सलकाका

आमच्या शेजारच्या पार्सलकाकांकडे एकच टेबलफॅन आहे आणि त्याचं तोंड कुणाकडे असतं हे मी पैजेवर सांगू शकतो. मे महिन्यात समुद्रकाठच्या आमच्या नरपडची खारी हवा अंगाला चिकटून बसते, काकू पदराने वारा घेत असतात, काका बनियन पिळून पुन्हा घालत असतात, आणि फॅन मात्र देवघराशेजारच्या कोनाड्यातल्या एका कळकट काँप्युटरवर भरभरून वारा सोडत असतो. पावसाळ्यात त्याच काँप्युटरवर उघडी छत्री बांधलेली असते, कारण वरचं कौल गळतं. एकदा काकू भर पावसात डोक्यावर ताट धरून भाजी आणायला गेल्या. घरातली एकुलती एक छत्री ड्यूटीवर होती.

मी तिखटमीठ लावतो असं माझ्याबद्दल तलासरीच्या आमच्या शाळेत सगळे म्हणतात. खरं सांगायचं तर मी अर्धंच सांगतो. पूर्ण सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

काकांचं नाव रमाकांत राऊत. सगळी नोकरी डहाणू रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात. चिकूच्या पेट्या गाडीत चढवायच्या आणि आलेला माल उतरवून घ्यायचा, यातच त्यांचे केस पांढरे झाले. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, भजनी मंडळात जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. काकांनी मेल सर्व्हर टाकला.

"म्हणजे नक्की काय हो?" असं मी एकदा विचारलं. ती माझी चूक झाली.

"मास्तर, तुम्ही कुणाला मेल टाकता, ती उतरते कुठे? हवेत तर राहत नाही ना? कुठल्या तरी फलाटावर उतरते. तो फलाट माझ्याकडे आहे." मग त्यांनी मेलच्या पत्त्यातला तो गोल 'ॲट' हवेत काढून दाखवला. त्याच्या अलीकडे माल घेणाऱ्याचं नाव, पलीकडे स्टेशन. त्या पलीकडच्या नावाला शिकलेले लोक डोमेन म्हणतात. काकांचं म्हणणं असं की, एका फलाटावर एकाच स्टेशनचा माल उतरवायचा, असा काही कायदा नाही. एका काँप्युटरवर हवी तेवढी स्टेशनं चालवता येतात. फक्त त्याला नीट समजावून सांगावं लागतं, की बाबा, ही सगळी स्टेशनं आपलीच.

काका मेल फक्त घेतात, पाठवत नाहीत. सुरुवातीला पाठवायचा प्रयत्न केला होता, पण घरच्या काँप्युटरवरून निघालेली मेल मोठ्या कंपन्या दारातूनच हाकलून देतात म्हणे. काकांनी ते मनाला लावून घेतलं नाही. "बुकिंग करणारे पुष्कळ आहेत. उतरवून घ्यायला कुणी नसतं," म्हणाले.

'उतरवून घ्या, मग बघू' हे त्यांचं ब्रीदवाक्य. मांजरीने त्यांच्या माळ्यावर पिल्लं घातली, तेव्हा काकू झाडू घेऊन निघाल्या तर काका जिन्यात आडवे झाले. उतरवून घ्या, मग बघू. माझ्या मेव्हण्याचे सासरे एकदा आमचं घर समजून त्यांच्याकडे शिरले. काकांनी त्यांना पाट मांडून जेवू घातलं, आमरस वाढला, दुपारची झोप काढू दिली, आणि चार वाजता चहाबरोबर विचारलं, "आपण कोण?"

दुसरं वाक्य 'माल नाशवंत आहे'. चिकूच्या पेटीवर हे शब्द लिहिलेले असत, ते काकांच्या जिभेवर कायमचे उमटले. मेल नाशवंत, चहा नाशवंत, लग्नाचा मुहूर्त नाशवंत. माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालाला ते पेढा खाऊन म्हणाले, "मास्तर, मार्क नाशवंत आहेत. लवकर ॲडमिशन घ्या."

या फलाटावर काकांचं स्वतःचं असं एकच स्टेशन होतं. पूर्वी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ मधू मिळून चिकूच्या चिप्स करून विकत. 'राऊत बंधू' नावाने. तो धंदा कधीच बंद पडला, पण त्या नावाचं डोमेन काकांनी जिवंत ठेवलं होतं. मोडलेल्या दुकानाची पाटी काही लोक माळ्यावर ठेवतात, त्यातलाच प्रकार असं आम्ही समजत होतो.

या एका स्टेशनावर काकांचा विशेष जीव. तिथे कुठल्याही नावाने मेल आली तरी काँप्युटर ती घेतो. माणूस असो नसो. अशा मेलला काका बेवारस माल म्हणतात, आणि तो आला की काँप्युटरमध्ये भरून ठेवलेली स्टेशनची घंटा वाजते. आता असं दार सताड उघडं ठेवल्यावर आत कोण येणार? लॉटरीवाले, गुडघेदुखीवाले, आणि परदेशातल्या श्रीमंत विधवा. दिवसभर घंटा. घंटा झाली की काका हातातला घास ठेवून उठायचे, चष्मा लावायचे आणि ती विधवा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. बेवारस माल उघडून तपासल्याशिवाय फेकायचा नाही, हा त्यांचा नियम.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, "कोणाची?"

"बेवारस."

"पुन्हा ती बाई का?" काकू काँप्युटरला सवत म्हणत. वर म्हणत, "सवत परवडली, पण तिच्या मैत्रिणी किती."

पुढे काकांनी दुसऱ्यांची स्टेशनं गोळा करायला सुरुवात केली. पहिले सापडले जयेशभाई. त्यांचा फुग्यांचा कारखाना आहे. मग चिकूच्या बागेचे बापू पाटील. तिसऱ्या आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या सुलभाताई, ज्या तलासरीत वधूवर सूचक मंडळ चालवतात. त्यांना मीच काकांच्या तावडीत दिलं, तेव्हा पापात माझाही वाटा आहे. फुकट म्हटल्यावर तिघांनीही आपापली डोमेनं काकांच्या फलाटाकडे वळवली.

आणि इथे पार्सल ऑफिसातला माणूसच करू शकेल अशी चूक काकांनी केली.

तिघांच्याही पाट्यांवर पत्ता 'इन्फो' या नावाने सुरू होत होता. हल्ली सगळ्यांचाच होतो. काकांनी काँप्युटरला सांगितलं, ही सगळी स्टेशनं आपल्या घरचीच. काँप्युटर आज्ञाधारक. घरचंच आहे म्हटल्यावर त्याने स्टेशनाकडे बघितलंच नाही. नुसतं नाव बघितलं. इन्फो, इन्फो, इन्फो. तिघांची मेल एकाच पोत्यात पडायला लागली, आणि सकाळी जो पहिल्यांदा पोतं उघडेल त्याच्या पदरात सगळा माल.

सुलभाताई पहाटे उठतात.

त्यांना सुरतेहून एक मेल आली. ती त्यांनी आमच्या स्टाफरूममध्ये येऊन थरथरत्या आवाजात वाचून दाखवली. आकार गोल हवा. साल पातळ. डागाळलेलं अजिबात चालणार नाही. आधी नमुना बघू, पसंत पडल्यास दरवर्षी नवीन घेऊ. "दरवर्षी नवीन घेऊ म्हणतो हा माणूस," सुलभाताई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांनी त्याला फोनवरून असं खरमरीत उत्तर लिहिलं की सुरतेचा तो फळांचा व्यापारी म्हणे दोन दिवस दुकानात आला नाही.

उलट ज्या दिवशी बापू पाटील लवकर उठले, त्या दिवशी त्यांच्या हाती वापीच्या एका मामांची मेल लागली. भाच्यासाठी मुलगी हवी, लवकर कळवा. बापू मेल वाचत नाहीत. आलेल्या प्रत्येक मेलला त्यांचं एकच ठरलेलं उत्तर असतं, ते त्यांनी पाठवून दिलं. 'माल तयार आहे. पेटीत भरून पाठवतो. वाटेत दबला तर जबाबदारी आमची नाही.' मामा त्याच संध्याकाळी वापीहून गाडी करून आले. बरोबर आणखी दोन मामा होते.

हसून हसून माझी बरगडी दुखावली. पण जयेशभाई हसत नव्हते. त्यांची लग्नसराईतली सगळ्यात मोठी ऑर्डर या गोंधळात सुलभाताईंच्या पदरात पडली होती, आणि 'लाल पाचशे, गुलाबी पाचशे' हे वाचून सुलभाताईंनी ती संतापाने पुसून टाकली होती.

तिघेही एका रविवारी सकाळी काकांच्या ओटीवर जमले. जयेशभाई काकांना फार मानतात, म्हणून ते हळू आवाजात बोलले, आणि तेच जास्त वाईट होतं.

"काका, तुमी माणूस सोन्यासारखा. पण हा मशीन आता बंद करा. आजच. मारो धंधो बेसी जाय छे."

"तुमचं तुम्ही दुसरीकडे न्या, मी अडवत नाही," काका म्हणाले. "मशीन बंद होणार नाही."

"आमचं काढल्यावर उरतं काय त्यात?" बापूंनी विचारलं. "लॉटरी?"

मलाही तसंच वाटत होतं. पण मी काकांच्या तोंडाकडे बघितलं. आमच्यादेखत कधी कुणाला चढ्या आवाजात न बोललेला हा माणूस उठून आत गेला आणि काँप्युटरसमोर स्टुलावर बसला. अंड्यांवर कोंबडी बसते तसा. बाहेरच्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "दोन दिवस द्या. माल उतरवताना चूक झाली, ती मी दुरुस्त करतो. नाही झाली तर म्हणाल ते."

काकूंनी तोवर सगळ्यांसाठी पोहे आणले होते. पोहे खाऊन माणसाला कठोर होता येत नाही. दोन दिवस मिळाले.

ते दोन दिवस काका जेवायलाही कोनाड्यातच होते. जुनी ओळ पुसून त्यांनी काँप्युटरला नव्याने समजावलं, की ही स्टेशनं घरची नाहीत, पाहुण्यांची आहेत, आणि पाहुण्याला नुसत्या नावाने हाक मारायची नाही. नाव आणि स्टेशन एकत्र वाचायचं, मगच पोतं उघडायचं. फुग्यांचा इन्फो वेगळा, चिकूचा वेगळा, वधूवरांचा वेगळा. प्रत्येकाच्या पोत्याला वेगळं कुलूप. मंगळवारी तिघे आले, आपापल्या फोनवरून मेल टाकून बघितल्या, आणि ज्याची त्याला पोचली. जयेशभाईंनी दोनदा टाकून बघितली, मग काकांच्या पाठीवर थाप मारली. सुलभाताईंनी बापूंकडे न बघता विचारलं, चिकू काय भावाने देता. सगळं मिटलं.

ते गेल्यावर मी मागे राहिलो. चेष्टेची संधी सोडणं माझ्या स्वभावात नाही.

"काका, पाहुण्यांच्या दारांना कुलपं लावलीत, आणि स्वतःचं तसंच सताड? त्या बंद दुकानाचं दारही लावून टाका ना. रमाकांत एवढं एक नाव ठेवा. विधवा तरी थांबतील."

काका चष्मा पुसत होते. पुसायचे थांबले नाहीत.

"मधू गेला ना घर सोडून," ते म्हणाले. "चिप्स सोडून चिकूची पूड करायची म्हणत होता. मी म्हटलं, पूड करायचं फळ नाही ते. त्यावरून वाढलं. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हटलं, तर खरंच नाही दाखवलं." दुसरी काच पुसत म्हणाले, "तेव्हा आम्ही डहाणू रोडला भाड्याने राहायचो. ते घर गेलं. फोनचे नंबर बदलले. त्याच्याकडे माझं म्हणून एवढंच ठिकाण आहे. चिप्सच्या प्रत्येक पाकिटावर हे डोमेन त्यानेच छापून घेतलं होतं. मग ज्या कंपनीकडे ते डोमेन ठेवलं होतं तिने गाशा गुंडाळला. म्हटलं, आपणच शिकावं."

"आणि जयेशभाई, बापू, सुलभाताई?"

"एका माणसाच्या मेलसाठी एवढं मांडलंय म्हटल्यावर लोक काय म्हणतील? सगळ्यांची घेतो म्हटलं की छंद वाटतो."

मी विचारलं, मग रमाकांत एवढं एक नाव का पुरत नाही. मधूने लिहिलं तर भावालाच लिहील.

"माझ्यावर राग आहे त्याचा. मला कशाला लिहील?" काका म्हणाले. "वहिनीला लिहील. नाहीतर आईला. आई गेली ते त्याला कुठे माहीत आहे."

माझ्या तोंडात एक विनोद तयार होता. तो मी गिळला. फोन काढला, आणि 'ॲट'च्या अलीकडे 'आई' असं लिहून त्यांच्या स्टेशनावर एक कोरी मेल टाकली.

घंटा वाजली.

"कोणाची?" आतून काकूंचा आवाज आला.

रोजचं उत्तर आलं नाही, तशा काकू हात पुसत बाहेर आल्या. चालत नव्हे, जवळजवळ धावत. दारात थांबल्या, काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्तरांनी टाकून बघितली," काका म्हणाले. "आईच्या नावाने."

"उतरली?"

"उतरली."

काकू पुढे आल्या. पदराने कपाळाचा घाम टिपला, वाकल्या, आणि फॅनची मान किंचित बाहेरच्या बाजूला वळली होती ती धरून पुन्हा काँप्युटरकडे नीट केली.