बाथरूमचं दार आणि सासऱ्यांचे ओले हात

बाथरूमचं दार काढायचा निर्णय मी एकट्याने घेतला. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात चांगले निर्णय सगळे मिळून घेतात आणि उरलेले माझ्या नावावर जमा होतात.

आम्हा ज्यू लोकांचा सुक्कोथचा सण आला की आम्ही गच्चीवर उघड्या आकाशाखाली सुक्का बांधतो. सुक्का म्हणजे सात दिवसांचा मांडव. वर तोडलेल्या फांद्यांचं छप्पर. ऊन कमी, सावली जास्त, पण रात्री चांदण्या दिसल्या पाहिजेत. सातही दिवस जेवण तिथेच. इतकी वर्षं माझे सासरे सणाला साडूकडे राहायचे. (साडू समोरच्याच इमारतीत राहतो. माझ्या सहनशक्तीची सोय देवाने हाकेच्या अंतरावर केली आहे.) यंदा मात्र सासऱ्यांनी स्वतः फोन केला. "जावईबापू, या वेळी आम्ही दोघं तुमच्याकडे. तुमच्याच सुक्क्यात जेवणार." मला इतका आनंद झाला, की मी लगेच संशय घ्यायला लागलो.

संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाचा पाय प्लॅस्टरमध्ये दिसला, की मी आधी प्लॅस्टर वाजवून बघतो, मग पायाची चौकशी करतो. त्यामुळे त्याच संध्याकाळी साडूचा फोन आला तेव्हा माझे कान टवकारले.

"काही लागलं तर सांगा हो! माझ्याकडे प्लायवूड उरलंय. भिंतीला होईल."

फुकट प्लायवूड! का? उद्या सासऱ्यांसमोर "भिंत आमचीच बरं का" म्हणायला. मी गोड आवाजात नको म्हटलं.

"घ्या की," बायको म्हणाली. "गेल्या वर्षी तुमच्या चादरींचं काय झालं?"

गेल्या वर्षी मी चादरी बांधल्या होत्या. सासरे पाहुणे म्हणून डोकावले, "वाऱ्याने हलते ती भिंत नव्हे" एवढंच म्हणाले आणि आल्या पावली साडूकडे परत गेले. नियमच तसा आहे. भिंत कशाचीही चालते, पण ती वाऱ्याला पुरून उरली पाहिजे. ते वाक्य वर्षभर माझ्या कानात घोंगावत होतं.

आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात दोन बाजूंना घराच्याच भिंती आहेत. तिसरी थोडीशी असली तरी चालते. म्हणजे मला एक मजबूत, दाराएवढी वस्तू हवी होती. बायको बाजारात गेली आणि मी घरभर नजर फिरवली. बाहेरचं दार काढलं तर चोर येतील. बेडरूमचं काढलं तर बायको माहेरी जाईल. (माहेरच आमच्याकडे येत होतं, तेव्हा तीही सोय नव्हती.) राहिलं बाथरूमचं. बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार गच्चीवर नेलं, भिंतीला आवळून बांधलं. बाथरूमला फुलाफुलांचा पडदा लावला. आतली खिडकी मोडकी असल्यामुळे तो मस्त फडफडत होता.

"दार कुठाय?" बायकोने पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं.

"धर्मकार्यात."

"अहो, आईबाबा राहायला येतायत! आत्ताच्या आत्ता लावा परत."

पण तेवढ्यात जिन्यात सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. मागोमाग साडू आणि त्याची बायको, म्हणजे माझ्या बायकोची ताई, हेही जेवायला आले. सण लागला.

सासऱ्यांनी फांद्यांतून चांदण्या पाहिल्या. मग दाराला खांदा लावून बघितला. दार हललं नाही. "शाबास, जावईबापू!" साडूसमोर! मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

मग सासूबाई आत जाऊन आल्या आणि बायकोच्या कानाला लागल्या. बायको ताईच्या कानाला लागली. ताई उठली. "आईला घेऊन जरा पाय मोकळे करून येते." मी कठड्यावरून वाकून पाहिलं. दोघी थेट साडूच्या इमारतीत शिरल्या! परत आल्या तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की ते माझ्या जेवणाने आलेलं नक्कीच नव्हतं.

मी साडूकडे पाहिलं. तो सासऱ्यांच्या हातात हळूच किल्ली देत होता.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"आलोच," सासरे घाईघाईने म्हणाले. (निरागस माणूस कधी घाई करत नाही, हा माझा ऑफिसातला अनुभव.)

ते परतले तेव्हा त्यांचे हात ओले होते. ओले! आमच्यात पाव मोडण्याआधी हात धुतात. दावा सिद्ध झाला. साडूच्या सुक्क्यात दुसरी पंगत मांडलेली होती आणि माझी माणसं एकेक करून तिथे जेवून येत होती. रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं.

"बाबा," मी उठून उभा राहिलो, "स्पष्ट सांगा. माझ्या सुक्क्यात काय कमी आहे?"

सगळे ताटात बघायला लागले.

"सुक्क्यात काहीच कमी नाही," सासरे शांतपणे म्हणाले. "उलट एक दार जास्त आहे. जावईबापू, वाऱ्याने हलते ती भिंत नव्हे, हे सुक्क्याला लागू, तसं बाथरूमलाही. मघाशी आल्या आल्या मी आत बसलो आणि तुमचा पडदा बाहेर निघून गेला. समोरून तुमची सासू येत होती म्हणून निभावलं."

"आत्ता लावतो दार!"

"खबरदार! सणाच्या दिवशी तोडफोड नाही. आणि उद्या-परवाही विसरा. सुक्क्याला लावलेलं लाकूड सण संपेपर्यंत सुक्क्याचंच. ते दुसऱ्या कामाला घेता येत नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती नजर सात दिवस पुरेल अशी होती. हसू दाबताना साडूचे खांदे हलत होते.

शेवटी तोडगा निघाला. सासू-सासरे जेवायला माझ्याकडे आणि मुक्कामाला साडूकडे. जाताना ते सामान घेऊन गेले तेव्हा घर एकदम रिकामं झालं. पडदा तेवढा फडफडत राहिला.

सकाळी मी बराच वेळ निर्धाराने काढला. मग निर्धार संपला. (कशामुळे, ते विचारू नका.) रस्ता ओलांडला आणि सणाच्या दिवशी विजेला हात लावत नाहीत म्हणून साडूची बेल न वाजवता दार ठोठावलं.

"या या! बाबा आत आहेत, वेळ लागेल," साडू प्रसन्न हसला. "तोवर आमच्या सुक्क्यात बसा. चहा ठेवलाच आहे."

बसलो. भिंत त्याच प्लायवूडची होती. मी वाजवून बघितली, हलत नव्हती. नको नको म्हणत चहा घेतला, पावाचा तुकडाही तोंडात टाकला.

तेवढ्यात आतली कडी खणखणीत वाजली. सासरे ओले हात पुसत बाहेर आले आणि मला पाहून थबकले.

"जावईबापू," ते म्हणाले, "आता तुम्हीच स्पष्ट सांगा. तुमच्या सुक्क्यात काय कमी आहे?"