विसूभाऊ आणि पाठीमागचं ऊन

विसूभाऊंशी बोलायला गेलं की ते आधी तुमची हनुवटी धरत. दोन बोटांनी तोंड उजेडाकडे वळवत, डोळे बारीक करत आणि मग म्हणत, "हं, आता बोला." मुरुडात ही सवय सगळ्यांना माहीत होती, नव्याने आलेल्या मामलेदारांना नव्हती. भर कचेरीत त्यांची हनुवटी धरली गेली आणि तेव्हापासून सरकारी समारंभांचे फोटो काढायला अलिबागहून माणूस येऊ लागला.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि विसूभाऊंच्या स्टुडिओवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. ते खाली, एकटेच. बाकीचे फोटोवाले गिऱ्हाइकाला उन्हाकडे तोंड करून उभं करत. विसूभाऊ उलटं. गिऱ्हाइकाची पाठ उन्हाकडे. "उन्हाकडे बघणारा माणूस रडका दिसतो," म्हणत. पण मागे एवढा लख्ख उजेड असला की चेहरा कोळसा होतो, ही लोकांची भीती. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "आभाळाचं ऐकू नका, तोंडाचं ऐका." म्हणजे भिंग किती उघडायचं ते आभाळ बघून नाही, सावलीतला चेहरा बघून ठरवायचं. छत्री न्यावी का, असं विचारणाऱ्या एका शेजाऱ्यालाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

एकदा आगरदांड्याला एका लग्नाचे फोटो काढून आम्ही परत निघालो होतो. ऊन उतरत होतं. धक्क्यावर खाडीपलीकडच्या दिघीची लाँच सुटायच्या बेतात होती. एक म्हातारी धावत आली. खतिजाबी तिचं नाव. तिचा मुलगा उस्मान जहाजावर खलाशी म्हणून निघाला होता.

"भाऊ, माझ्या लेकाचा एक फोटू काढा. याचा बाप असाच जहाजावर गेला, तो आलाच न्हाय. त्याचं तोंड आता मला आठवत पन न्हाय."

विसूभाऊंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. रिळात एकच फोटो उरला होता.

धक्का अरुंद, अलीकडे माणसं आणि सामान. मोकळी जागा फक्त टोकाला, आणि तिथे उभं राहिलं की बरोबर पाठीमागे सूर्य आणि चकाकणारी खाडी. लाँचचा तांडेल ओरडला, "पानी उतरतंय. लाँच गाळात बसली तर कोन काढनार?"

विसूभाऊंनी मायलेकांना टोकालाच शेजारी शेजारी उभं केलं आणि ते उस्मानच्या अगदी नाकाशी जाऊन उभे राहिले. हनुवटी धरली, सोडली. परत धरली.

"विसूभाऊ, उरका," मी म्हणालो.

"वळकटीत चादर आहे का? पांढरी?"

उस्मानने वळकटी सोडली. ती चादर दोन माणसांनी मायलेकांसमोर कमरेच्या खाली आडवी ताणून धरली, तसा तिच्यावरचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला. मला विसूभाऊंनी सोबतची छत्री उघडून कॅमेऱ्याच्या वर धरायला लावली, भिंगात थेट ऊन शिरू नये म्हणून. तांडेलाने दोर सोडायला घेतला. विसूभाऊंच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत ओघळला होता आणि तो पुसायला ते हात उचलत नव्हते.

"श्वास धरा दोघं."

खटका वाजला. उस्मान आईच्या पाया पडला आणि सुटत्या लाँचवर उडी मारून गेला. विसूभाऊ खाली दगडावर बसले.

फोटो आला तेव्हा उस्मानच्या हनुवटीवरचे कोवळे केससुद्धा दिसत होते. मागे मात्र सगळं पांढरं. फोटो बघायला जमलेल्यांपैकी एकाने विचारलं, "समोरची दिघी कुठं गेली?"

"दिघी कुठे जात नाही," विसूभाऊ म्हणाले. "उद्या गेलात तरी तिथेच असेल."

पुढे काही दिवसांनी दुपारी मी भाडं द्यायला खाली उतरलो. स्टुडिओ बंद, पण आतून आवाज आला, "दार लावून या, मास्तर." काळोख्या खोलीत लाल दिवा होता. थाळीतल्या औषधाच्या पाण्यात कागदावर हळूहळू समुद्र उमटत होता. लाटा, फेस, लांबवर जंजिऱ्याचा तट, सगळं रेखीव. मधोमध काळी आकृती, लुगडं नेसलेल्या बाईची.

"ही माझी बायको, सुमती," विसूभाऊ म्हणाले. "कॅमेरा नवा होता. मी समुद्र बघून उजेड धरला. समुद्र छान आलाय, नाही?"

त्यांनी थाळी हलकेच हलवली.

"त्याच वर्षी बाळंतपणात गेली. दुसरा फोटो नाही. निगेटिव्हच्या काचेवर जे उतरलंच नाही ते कागदावर येत नसतं, हे मला कळतं. तरी अधूनमधून छापून बघतो. आज उजेड जरा कमी दिला." त्यांनी चिमट्याने कागद उचलून माझ्यापुढे धरला. "तुमचे डोळे तरुण आहेत. इथे नाकाची रेघ दिसते का?"

मी वाकलो आणि बघत राहिलो. विसूभाऊंनीही मला घाई केली नाही.