बर्फातलं ऊन

मलम लावायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. बस्स. यात कुणाच्या बापाचं काय जातं? पण माझ्या आयुष्यात लहान निर्णय लहान राहतच नाहीत.

मी नितेश, अस्सल अकोल्याचा. कंपनीनं दोन वर्षांसाठी ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला पाठवलंय. चहूकडे डोंगर. तिथले लोक रविवारी घरात बसत नाहीत, भर हिवाळ्यात बर्फ तुडवत फिरायला जातात. तेही हौसेनं! फेब्रुवारीच्या शेवटी ऑफिसातल्या हान्नेसनं मला आणि माझ्या बायकोला, आरतीलाही न्यायचं ठरवलं.

निघता निघता बाळापूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. "जावईबापू, डोक्याले दुपट्टा बांधजा अन् खिशात कांदा ठेवजा. ऊन लागन."

"मामी, इथं उणे सहा डिग्री हाय!"

"असू द्या. ऊन ते ऊनच असते."

(उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात. उन्हाळ्यात. हे मी सासूबाईंना तीनदा सांगितलं.) आरतीनं मात्र कांदाही घेतला आणि दुपट्टाही असा गुंडाळला की नुसते डोळे दिसत होते. रोपवेत तिच्या शेजारी बसलेल्या आजीबाईंनी आपली पर्स मांडीवर ओढून घेतली.

वर पोचलो. पांढऱ्याशुभ्र उतारावरून पायवाट, कडेला बर्फानं वाकलेली झाडं, खाली दरीत नदीची बारीक रेघ, वर निळंभोर आभाळ आणि लख्ख ऊन. हान्नेसनं खिशातून मलमाची ट्यूब काढली. "चेहऱ्याला लाव. बर्फावरून ऊन उलटं वर येतं."

हे मला? ज्याच्या गावात मे महिन्यात सत्तेचाळीस डिग्रीत लोक वरातीत नाचतात, त्याला? मी म्हटलं, "हान्नेस, तुझा सूर्य माझ्या सूर्याचा नातू लागतो."

"लावा ना जी चुपचाप," आरती म्हणाली. "आठ दिवसांनी शेखरचं साक्षगंध हाय. मोठे जावई तुमी. तोंडाले काही झालं त लोकं मलेच इचारतीन." (शेखर तिचा भाऊ, साक्षगंध म्हणजे साखरपुडा, आणि तो बाळापूरला.)

"अकोल्याचा माणूस मलम लावत नाही!"

"मंग बसा!"

ती हान्नेसबरोबर गोठलेलं तळं बघायला निघून गेली. मी बाकावर ठेच्याबरोबर तिखट पुऱ्या खाल्ल्या, टोपी काढली, डावा हात गालाला टेकवला आणि म्हटलं, जरा कोवळं ऊन घेऊ. ते दोघं दीड तासानं आले तेव्हा मी घोरत होतो.

संध्याकाळी चेहऱ्याची आग आग व्हायला लागली. मी ठेच्याला दोष दिला. सकाळी आरशात पाहिलं तर नाक वांग्यासारखं, कपाळ तांबडंलाल, आणि डाव्या गालावर, सगळ्या लालीच्या मधोमध, पाच बोटांचा स्वच्छ गोरा पंजा.

आरती पोट धरून हसली. मग एकदम थांबली. "अवो, लोकाईले वाटन मी थोबाडीत मारली! तिथं खरं सांगजा हं."

"काय सांगू? अकोल्याच्या माणसाला बर्फात ऊन लागलं?"

"हो!"

"मरून जाईन, पण सांगणार नाही."

आठ दिवसांत लाली काळवंडली, त्यामुळे पंजा आणखीच उठून दिसायला लागला. बाळापूरला मांडवात शिरलो तो कुजबुज सुरू. बाया माझ्या गालाकडे बघत आणि मग आरतीच्या हाताकडे. शेवटी सासरे, उत्तमराव, मला कुलरच्या मागं घेऊन गेले. काळ्या जमिनीत राबलेला धिप्पाड माणूस, पण आवाज कातर झाला होता.

"जावईबापू, खरं सांगा. आमच्या पोरीनं हात उचलला का?"

दोन लाजा माझ्यापुढं उभ्या होत्या. एक माझी, एक अकोल्याची. मी अकोल्याची वाचवली. "हो, मामाजी," मी म्हणालो.

मामाजी तिथल्या खुर्चीत मटकन बसले. मग ओरडले, "आरती! इकडं ये!"

आरती आली, मागोमाग निम्मा मांडव आला. तिनं ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते तिचे. "सांगा ना जी खरं," एवढंच म्हणाली. सांगणारच होतो, देवाशपथ. पण जीभ उचलेना. अकोलेकराची जीभ एकदा अडली की अडली.

तेवढ्यात सासूबाई पुढं आल्या. त्यांनी आरतीचा हात धरला आणि सरळ माझ्या गालावर ठेवला. गालावरचा पंजा तिच्या हाताच्या दीडपट मोठा. मग माझाच डावा हात उचलून गालावर टेकवला. बोटात बोट बसलं, अंगठ्यात अंगठा. लग्नातल्या अंगठीची खूणसुद्धा बरोब्बर अंगठीखाली गेली.

"काहून जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "कांदा नव्हता ना ठेवला?"

"मामी, ते ऊन नव्हतं! वारा होता!"

"बर्फात ऊन लागलं ह्याईले!" आरतीनं डोळे पुसत साऱ्या मांडवाला ओरडून सांगितलं. मांडव हसायला लागला तो आचाऱ्यांपर्यंत हसत गेला. मी छाती काढून उभा राहिलो. वारा होता, म्हणजे होता.

मग जावयाचा मान आला. मामाजींनी मला टोपी घातली, खांद्यावर शेला टाकला आणि नारळाच्या जागी हातात एक भलाथोरला पांढरा कांदा ठेवला. मी तोही मान ताठ ठेवून घेतला. दुसरा हात तेवढा गालावर होता.

"जावईबापू, हात काढा गालावरचा," फोटोवाला म्हणाला.

मी बाणेदारपणे काढला.

त्यानं कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या, राहू द्या. ठेवा परत."