बागुलबुवाची ऑर्डर

ठकू बाथरूममध्ये होती आणि ठकूची आई बाथरूमच्या दाराबाहेर स्टुलावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. दार चार बोटं उघडं ठेवायचं आणि आईने दर अर्ध्या मिनिटाला "आहे मी" म्हणायचं, असा दोघींचा करार होता. त्यामुळे पलीकडून साहेबांनी "कोणाला काही शंका?" असं विचारलं, तेव्हा ठकूची आई सगळ्या ऑफिसच्या कानात खणखणीत म्हणाली, "आहे मी, आहे! नीट धू."

साहेब म्हणाले, "एक तारखेपासून सगळ्यांनी ऑफिसात येऊनच काम केलेलं बरं."

एक तारखेला तीन आठवडे होते. ठकूचा बाबा सकाळी सातला घराबाहेर पडायचा. आजीचे गुडघे तिला दाराबाहेर ताटकळत उभं राहू देत नव्हते, आणि खुर्ची टाकून बसलं की आजीला डुलकी लागायची. डुलकी लागली की "आहे मी" बंद, आणि ते बंद झालं की ठकू साबणाच्या हातांनी बोंबलत बाहेर. शाळेत तर ठकूने बाथरूमला जाणंच सोडून दिलं होतं. दुपारी ती बसमधून उतरायची ती थेट धावतच. वर्गाच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं होतं, "ठकूने वर्गाला कोणा बागुलबुवाची सविस्तर माहिती दिली आहे. आता आणखी चार मुलं बाथरूमला जात नाहीत. कृपया लक्ष घालावे."

हा बागुलबुवा घरात शिरला कसा, हे शोधायला पोलिसांची गरज नव्हती. ठकू अडीच वर्षांची असताना, एका दुधाच्या पेल्यापायी, आईनेच त्याला बोलावलं होतं. आला तो टिकला. दूध झालं, मग भाजी, मग दात, मग दुपारची झोप. साडेतीन वर्षं तो ठकूच्या आईच्या हाताखाली एक दिवस रजा न घेता राबत होता. आता मात्र तोच मालकिणीच्या नोकरीवर उठला होता.

मुलाला ज्याची भीती वाटते त्याचं मुलाकडूनच खेळणं करून घ्यावं, कुशीत घेतलेल्याची भीती राहत नाही, असं ठकूच्या आईने कुठेतरी वाचलं होतं. तिने इंटरनेटवर अशी खेळणी शिवून देणारे शोधले. आपण वर्णन करायचं, ते कापूस भरून तसंच मऊ खेळणं शिवून पाठवणार, पंधरा दिवसांत. आधी तिने तासभर एकटीने सगळ्या सूचना वाचल्या. बटणाचे डोळे मूल गिळू शकतं, म्हणून डोळे धाग्याने भरलेले. लोकरीचे धागे सुटू शकतात, म्हणून लोकर नको. कापूस ओला राहिला तर बुरशी, म्हणून मशीनमध्ये धुता येणारा. बागुलबुवापासून मुलीला काही इजा होणार नाही याची खात्री पटल्यावर तिने ठकूला शेजारी बसवलं.

"आपण त्याला शिवून घ्यायचा. तू सांगायचं, मी लिहायचं."

"खराखुरा?"

"अगदी खराखुरा."

ऑर्डरच्या फॉर्मवर पहिलाच रकाना होता : खेळण्याचं नाव. ठकूच्या आईने 'बा' लिहिला आणि ठकूने तिचा हात धरला.

"नाव नको! नाव घेतलं की येतो. तूच म्हणाली होतीस."

म्हणाली होती खरी. आजीच्या भिशीच्या बायकांसमोर ठकूने तो विषय काढला, तेव्हा. 'बा' खोडला गेला आणि नावाच्या जागी एक टिंब पडलं.

पुढे विचारलं होतं, हे खेळणं कोणाचं? खाली तीन पर्याय : पाळीव प्राणी, घरातील व्यक्ती, काल्पनिक. ठकूच्या आईचा बाण तिसऱ्यावर गेला. पण पोरगी पहिलीत होती आणि दिसेल ते वाचत सुटली होती.

"का-ल्प-नि-क म्हणजे काय गं?"

"म्हणजे... नसलेला."

"म्हणजे तू खोटं बोलत होतीस?"

खोटं बोलणाऱ्याकडे बागुलबुवा आधी जातो, हेही ठकूच्या आईनेच सांगून ठेवलं होतं. तिने बाण मुकाट्याने एक घर वर नेला.

"घरातील व्यक्ती," ठकूने वाचलं. "बरोबर. घरातच राहतो तो."

मग ठकू सांगत गेली आणि आई लिहीत गेली. आपण साडेतीन वर्षांत वेळ पडेल तशी मारलेली एकेक थाप पोरीने अशी जपून ठेवली असेल, याची तिला कल्पना नव्हती.

"कान मोठे. वेफर्सची पुडी फोडली तरी तीन खोल्यांपलीकडून ऐकू येतं त्याला."

"बरं. डोळे?"

"दोन पुढे, एक मागे. मागेही दिसतं, तूच म्हणालीस. आणि झोपत नाही ना कधी, म्हणून डोळ्यांखाली काळं."

"केस?"

"बांधलेले. मोकळ्या केसांत उवा होतात. त्याला माहीत असणारच."

"हात?"

"एक बोट असं वर." ठकूने बोट उगारून दाखवलं. "आणि पाय वाजत नाहीत. मऊ सपाता."

"रंग?"

"गडद निळा, म्हणजे अंधारात दिसत नाही. वर पांढरे ठिपके."

"ठिपके कशाला?"

"ठिपके असतात," ठकू म्हणाली. हे तिला कुठून माहीत, ते तिने सांगितलं नाही.

एवढ्यात आजी आतून आली. "पोतं लिहिलंस का? आमच्या वेळी त्याच्या खांद्यावर पोतं असायचं. त्यात पोरं घालायचा."

"अहो आई, पोरं नकोत. शाळेतून चिठ्ठी आलीय."

"मग रिकामं लिही. पण खांद्याला काहीतरी हवंच. नुसता हात हलवत कोण येतं?"

ठकूच्या आईने लिहिलं : खांद्याला मोठी पिशवी. बाबा सोफ्यावरून म्हणाला, "आणि चष्मा. मी तिला मागे सांगितलं होतं चष्म्याचं."

"तू कशाला सांगितलंस?"

"तू एकटीनेच सांगायचं असं ठरलं होतं का?"

चष्माही लिहिला. शेवटी 'स्वभाव' असा रकाना होता. ठकूने बराच विचार केला. "सारखा येऊन बघतो," ती म्हणाली. "जेवलीस का, धुतलेस का, पडलीस का. मारत कधीच नाही. फक्त येतो."

तीन दिवसांनी खेळणी शिवणाऱ्यांकडून एका मुलीचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या ऑर्डरमध्ये नावाच्या जागी टिंब आहे."

ठकू समोरच पाटीवर रेघोट्या मारत होती. ठकूच्या आईने आवाज खाली घेतला. "नाव नाही सांगता येणार. मुलगी इथेच आहे."

"अच्छा, सरप्राइज का?"

"तसंच समजा. पण नावाशिवाय करता येईल ना तुम्हाला?"

"आरामात. वर्णन वाचल्या वाचल्या कळलं आम्हाला. अशा वर्णनाच्या पुष्कळ ऑर्डरी येतात."

फोन ठेवल्यावर ठकूच्या आईला जरा धीर आला. म्हणजे आपण एकट्याच नाही तर. घरोघरी हाच बागुलबुवा.

एक तारखेच्या दोन दिवस आधी खोकं आलं. आजी खुर्ची ओढून बसली, बाबा कात्री घेऊन आला, आणि ठकू आईच्या मागे लपून तिच्या कमरेआडून बघू लागली. बाबाने चिकटपट्टी कापली, वरचा कागद काढला, आत बघितलं आणि खोकं पुन्हा बंद केलं.

"मला वाटतं, आपण हे परत पाठवू या," तो म्हणाला. पण त्याचे खांदे हलत होते.

ठकूच्या आईने खोकं ओढून घेतलं. आत एक हातभर लांबीची बाई होती. कान जरा मोठे. नाकावर चष्मा, डोळ्यांखाली करड्या धाग्याच्या दोन रेघा. केसांचा अंबाडा आणि अंबाड्यावर नीट भरलेला एक टपोरा डोळा. अंगात गडद निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा गाऊन. खांद्याला ऑफिसची पिशवी, पायात सपाता, आणि उजव्या हाताचं एक बोट वर. सोबत फुलाफुलांचं कार्ड होतं : सगळ्यात छान आईला, तिच्या लाडक्या लेकराकडून.

आजीने आधी बाहुलीकडे पाहिलं, मग सुनेकडे. सुनेच्या अंगात गडद निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा गाऊन होता.

"शिवणारीचा हात चांगला आहे हो," आजी म्हणाली.

ठकूच्या आईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. परवा एक तारीख, दुसरा बागुलबुवा शिवायला पंधरा दिवस, आणि साहेबांना सांगायचं काय? तेवढ्यात ठकू पुढे आली. तिने बाहुली उलटसुलट करून पाहिली. मागचा डोळा दाबला. उगारलेलं बोट खाली वाकवलं. ते पुन्हा वर आलं.

"आई," ती म्हणाली, "म्हणजे तो तूच होतीस?"

आता काय बोलावं? हो म्हणावं तर साडेतीन वर्षांची अब्रू जाते, नाही म्हणावं तर तो घरात राहतोच.

"हो."

"सारखी तूच यायचीस?"

"मीच."

ठकूने मोठा सुस्कारा टाकला. "मग आधी सांगायचं ना! तुला कोण घाबरतंय?"

आणि बाहुलीला काखोटीला मारून ती तशीच बाथरूममध्ये गेली. दार आतून बंद झाल्याचा आवाज आला. अख्खं बंद.

एक तारखेला ठकूची आई ऑफिसात गेली आणि दुपारपर्यंत तिने घरी सहा फोन केले. सहाव्याला आजी म्हणाली, "गेली, आली, हात धुतले. तुला दाराशी बसवून ठेवलं होतं, तू काही हलली नाहीस. आता कर बाई तुझं काम."

संध्याकाळी ती घरी आली. ठकूपुढे दुधाचा पेला होता, अर्धा.

"संपव बघू. नाहीतर..."

"नाहीतर काय?" ठकूने अगदी मनापासून विचारलं. "तू येशील? आलीसच की."

ठकूची आई स्वयंपाकघरात गेली. दिवसभर कोणी तिची वाट पाहिली नव्हती, आणि पोरगी एकटी जाऊन येत होती. हेच तर हवं होतं. मग चुकल्या-चुकल्यासारखं का वाटत होतं, ते तिचं तिलाच कळेना. अशा वेळी तिला खारट काहीतरी लागायचं. डाळीच्या डब्यामागे, ठकूला माहीत नसलेली, वेफर्सची एक पुडी होती. तिने हात घातला आणि दचकली. समोर फडताळावर, बोट उगारून, बाहुली बसली होती.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि बाहुलीचं तोंड भिंतीकडे केलं. आता अंबाड्यावरचा डोळा तिच्याकडे बघू लागला. त्यावर तिने हात पुसायचं फडकं टाकलं, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात पुडी हलकेच फोडली.

"आई," तीन खोल्यांपलीकडून ठकूचा आवाज आला, "काय खातेस गं?"