लुगड्याआडून रंगवलेला ओटा

रंग निवडताना डोमाजीकाका तोंडावर बायकोचं जुनं लुगडं घेत. चांगली दुहेरी घडी करून घेत आणि मान तिरकी करून ओट्याकडे बघत राहत. गोंदियाच्या मालधक्क्यावर बदली होऊन मी जवळच्या मुर्री गावात त्यांच्या शेजारी खोली घेतली, तेव्हा पहिल्याच सकाळी मला हे दर्शन घडलं.

"काका, हे काय?"

"रंग पाहून राहिलो बाबूजी. उघड्या डोळ्यानं तं कोनीबी पाहते!"

ओटा म्हणजे घरापुढची चिंचोळी पट्टी. समोरासमोर दोन माणसं आली की एकाला घरात शिरावं लागे. पण काकांचा थाट राजवाडा सजवण्याचा. आज गेरू, उद्या पिवळी माती, परवा चुन्यात नीळ. प्रत्येक रंगाचा पट्टा ओढायचा, तोंडावर लुगडं घ्यायचं आणि "नाही जमत बाप्पा" म्हणून पुसून टाकायचा.

मला राग येई. राधाकाकी तिकडे नागपूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळ्यांना पट्ट्या बांधून पडलेल्या. त्यांचा भाऊ त्यांच्याजवळ होता. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याची डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. आणि नवरा इथे नटवेगिरी करत बसलेला! कुणाचं काय तर कुणाचं काय.

मग बाक आला. सुताराने काकांच्या मापाने केलेला, इतका अरुंद की त्यावर माझी एकच मांडी टेके. तो त्यांनी ओट्याच्या काठावर पक्का ठोकला, तोही उलटा. पाठ रस्त्याकडे, तोंड भिंतीकडे.

"काका, बसणाऱ्याने काय भिंत बघायची?"

"पाहाची. भिंत का वाईट आहे?"

पण खरा गहजब पुढे झाला. दिवाळी तोंडावर आली असताना काकांनी सगळा ओटा पांढऱ्या छुई मातीने सारवला आणि पायरीला, काठाला चुलीची काजळी जवसाच्या तेलात घोटून हातभर काळा पट्टा मारला. सणाच्या दिवसांत दारात काळं! गल्लीतल्या बायांनी बोटं मोडली. काकांची थोरली वहिनी येऊन फणकारली, "अवदसा बलावून राहिले का, भाऊजी?" काका लुगड्याआडून म्हणाले, "हेच दिसते वहिनी. बाकी सारं एक होऊन जाते."

वहिनी गेल्यावर मी त्यांना धरलंच. तेव्हा त्यांनी लुगडं काढून माझ्या तोंडावर टाकलं. ओटा नाही, भिंत नाही, सगळं धुकट. फक्त तो काळा काठ तेवढा दिसला.

"मागच्या साली ती ह्याच ओट्यावरून पडली," काका म्हणाले. "म्हणे, मले सारं लुगड्याआडून दिसते. डॉक्टरचं काही जमलं नाही, तं निदान काठ तं दिसन. नाही दिसला, तं बाकाची पाठ अडवन."

मी लुगडं लवकर काढलं नाही. माझे डोळे ओले झाले होते.

धनत्रयोदशीला स्टेशनवरून बैलगाडी आली. गाडीत काकींचा भाऊ आणि जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या काकी. गाडी अजून गल्लीच्या तोंडाच्या लिंबापाशीच होती. काका उलट्या बाकाला धरून उभे.

लिंबापासूनच काकींचा आवाज आला, "अजी! दारात काळं कोनं लावलं? सणावाराचं काही समजते का नाही?"

काका मटकन बाकावर बसले आणि भिंतीकडे तोंड करून पोरासारखे रडले. मग हसले. मग पुन्हा रडले. "सुटलो, बाबूजी," एवढंच म्हणत होते.

दुसऱ्या सकाळी काकी काळ्या काठावर गेरूचा हात फिरवत होत्या. काका शेजारी उकिडवे बसून विचारत होते, "हा दिसते?"

"दिसते."

"आणि हा?"

"दिसते म्हटलं ना! सरका, उजेड अडवून राहिले."

काका सरकले. लुगडं धुऊन दोरीवर वाळत घातलं होतं.